घोडामैदान जवळच आहे… पण आधी दोस्ती तर करा!

समजा, तुम्ही घोड्याशेजारी उभे आहात. लगाम तुमच्या हातात. कुणीतरी कानात कुजबुजतं, ‘या फेरीला समोर फाडकन छत्री उघडणार हं!’ तुमचं काळीज धडधडायला लागतं. प्रत्यक्षात छत्री उघडतच नाही. घोड्याला तर छत्रीचा पत्ताही नाही. तरीही त्याचं काळीज तुमच्याबरोबर धडधडू लागतं!

माहीत आहे का? हा प्रयोग खराखुरा झालाय. स्वीडनच्या संशोधकांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. माणसांच्या आणि घोड्यांच्या छातीला हार्ट-रेट मॉनिटर लावले. तीन फेऱ्या निवांत झाल्या. चौथीच्या आधी माणसांना छत्रीची भीती घातली आणि दोघांचेही ठोके वाढले. माणसाच्या पोटातला गोळा घोड्याने बरोब्बर ओळखला होता.

तर मंडळी, घोड्याचा विश्वास कमवायचाय? पहिला धडा खोगिराचा नाही, श्वासाचा आहे. तुम्ही शांत, तर घोडा शांत. चला, टाप टाप टाप… पुढचे किस्से दुडक्या चालीने घेऊ!

डोळे बघा डोळे!

जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत घोड्याचे डोळे सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी. ते डोक्याच्या दोन बाजूंना बसवलेले, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांचा देखावा दिसतो. सीसीटीव्हीच म्हणा ना!

पण या सीसीटीव्हीला दोन आंधळे कोपरे आहेत. एक शेपटीच्या थेट मागे. दुसरा कुठे असेल? थेट कपाळासमोर आणि नाकाखाली! म्हणजे आपण प्रेमाने समोरून जाऊन कपाळावर हात ठेवतो, तेव्हा तो हात त्याला दिसतच नाही. कुठून तरी काहीतरी येऊन चिकटतं, एवढंच कळतं. दचकणार नाही तर काय करेल?

म्हणून जाणती माणसं खांद्याच्या बाजूने, तिरकी, बोलत बोलत जवळ जातात. बोलत जायचं कारण त्याचे कान. प्रत्येक कान स्वतंत्रपणे, जवळपास १८० अंशांत फिरतो. एक कान तुमच्याकडे आणि दुसरा मागच्या झुडपाकडे असला, तर अर्धा घोडा तुमचा झाला. दोन्ही कान मैत्रीने तुमच्याकडे वळले की समजा, गाडी रुळावर! आणि दोन्ही कान मागे, मानेला चिकटून? ब्रेक मारा. दोन पावलं मागे या.

नाकाखालच्या त्या आंधळ्या कोपऱ्यामुळेच गूळ किंवा गाजर नेहमी सपाट तळहातावर ठेवून द्यायचं, अंगठा आत घेऊन. घोडा ते डोळ्यांनी नाही, ओठांनी आणि मिशांनी चाचपून उचलतो. त्याला बोट आणि गाजर यांतला फरक समजावा, ही जबाबदारी आपली.

गाजरावरून आठवलं, नारिंगी रंग घोड्याला नारिंगी दिसतच नाही! त्याला निळा-पिवळा कळतो, लाल-हिरव्याचा गोंधळ. ब्रिटनमध्ये उड्यांच्या शर्यतीतल्या अडथळ्यांवर वर्षानुवर्षं नारिंगी पट्ट्या होत्या. माणसाला झक्क दिसायच्या, घोड्याला मात्र गवतात मिसळलेल्या. शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं आणि २०२२ पासून तिथे पांढऱ्या पट्ट्या लावायला सुरुवात झाली. घोड्याच्या नजरेने बघायला माणसाला एवढा वेळ लागला!

एक माशी बसली तरी…

घोड्याच्या पाठीवर माशी बसली की नेमकी तेवढीच कातडी थरथरते. बघितलंय ना? जवळजवळ अर्ध्या टनाचं जनावर आणि एवढीशी माशी त्याला कळते! मग तुमच्या टाचेची लाथ त्याला किती जोरात कळत असेल, विचार करा.

इथेच घोडा शिकवण्याचं सगळ्यात मोठं गुपित दडलंय. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो! लगाम हलकेच ओढला, तो थांबला, की त्याच क्षणी हात सैल. ते सैल होणं हेच त्याचं ‘शाब्बास’. तो थांबला तरी हात ओढतच राहिला, तर त्याला कळतं एकच: या माणसाचं ऐकून उपयोग नाही. घोडा अडेल झाला अशी तक्रार जिथे ऐकाल, तिथे आधी मालकाचा हात बघा.

हलक्या हाताची कमाल बघायचीय? २६ सप्टेंबर २०२३, हांगझोऊ, आशियाई क्रीडा स्पर्धा. ड्रेसाज नावाच्या प्रकारात घोडा संगीतावर नाचल्यासारखा चालतो आणि स्वार जणू काहीच करत नाही. खरं तर सगळे इशारे मांडी, बैठक आणि बोटांतून चालू असतात, फक्त बघणाऱ्याला दिसत नाहीत. भारताच्या चौघांनी तिथे सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं आपलं सुवर्ण तब्बल ४१ वर्षांनी! सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. घोड्याशी जमायला हृदय लागतं, हे नावानिशी सिद्ध!

गणिताचा मास्तर हान्स

१९०४ चं बर्लिन. सगळीकडे चर्चा एका घोड्याची. नाव हान्स. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन, पेशाने गणिताचे शिक्षक. ‘तीन अधिक चार?’ विचारलं की हान्स खूर आपटायचा, टक टक टक… बरोब्बर सात! बेरीज, अपूर्णांक, तारखा, सगळं. चौकशीसाठी कमिटी बसली. लबाडी सापडली नाही.

मग ऑस्कर फुंगस्ट नावाच्या संशोधकाने खोलात जाऊन तपासलं. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, की हान्स नापास! गंमत अशी होती की बरोबर आकडा जवळ आला की विचारणाऱ्याची मान नकळत केसभर हलायची, चेहऱ्यावरचा ताण उतरायचा आणि हान्स खूर थांबवायचा. फॉन ओस्टेनना स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं.

लोक म्हणाले, ‘हॅ! घोड्याला गणित येत नाही.’ मला वाटतं, लोकांनी चुकीची गोष्ट लक्षात ठेवली. गणित काय, कॅल्क्युलेटरलाही येतं. माणसाला स्वतःला न कळणारी मानेची हालचाल वाचणारा प्राणी, ही केवढी मोठी बातमी होती!

आणि चेहरा? तोही वाचतो. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाने २०१६ साली २८ घोड्यांना माणसांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा दिसला की ठोके चटकन वाढायचे आणि घोडे तो डाव्या डोळ्याने बघायचे. धोका निरखायला बरेच प्राणी डावी बाजू वापरतात. दोन वर्षांनी त्यांनी कडीच केली. सकाळी घोड्याला एका माणसाचा फोटो दाखवला, रागावलेला किंवा हसरा. काही तासांनी तोच माणूस साध्या, कोऱ्या चेहऱ्याने समोर आला. घोड्यांनी सकाळचा हिशोब बरोबर लक्षात ठेवला होता. म्हणजे फोटोतला रागसुद्धा चालत नाही! डीपी जपून लावा.

‘मालक, शाल द्या ना!’

आता नॉर्वेला जाऊ. थंडी कडाक्याची. तिथल्या संशोधकांनी २३ घोड्यांना तीन पाट्या शिकवल्या. आडवी रेघ म्हणजे ‘पांघरूण घाला’. उभी रेघ म्हणजे ‘काढा’. कोरी पाटी म्हणजे ‘आहे ते बरं आहे’. घोड्याने नाकाने पाटीला स्पर्श करायचा, माणसाने हुकूम मानायचा. दोन आठवड्यांत सगळेच्या सगळे शिकले! पाऊस-वाऱ्यात ‘घाला’, ऊन पडलं की ‘काढा’. घोड्यांच्या लक्षात आलं की आपण सांगितलं की ही माणसं ऐकतात. मग काय, काही घोडे वेळ झालेली नसतानाही पाट्यांकडे जायला धडपडू लागले.

जपानमध्ये तर याहून गोड. कोबे विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्याला दिसेल, पण पोचता येणार नाही अशा बादलीत गाजर लपवलं. सांभाळणारा माणूस आला. लपवताना त्याने पाहिलं होतं, तर घोडा बऱ्यापैकी गप्प. पाहिलं नव्हतं, तर घोडा त्याला जास्त ढोसायचा, जास्त टक लावून बघायचा. याला बिचाऱ्याला माहीत नाही, सांगायला हवं!

खरारा: जगातलं सर्वांत जुनं स्पा

मराठीत एक झकास शब्द आहे, खरारा. घोड्याचं अंग ब्रशने घासून, धूळ-केस काढून लख्ख करायचं. घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या दिवसाची सुरुवात यानेच होते.

पण घोड्याला नेमकं कुठे खाजवलेलं आवडतं? आयाळ संपते आणि पाठ सुरू होते, त्या उंचवट्यापाशी. दोन दोस्त घोडे आमनेसामने उभे राहून एकमेकांची हीच जागा दातांनी हलके हलके कुरतडतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. माणसाने या जागी खाजवलं की घोड्याचे ठोके चक्क खाली येतात. दुसऱ्या जागी खाजवलं, तर तो परिणाम नाही!

माणसं प्रेमाने घोड्याला थाप-थाप थोपटतात. घोडे एकमेकांना कधीच थोपटत नाहीत, खाजवतात. तेव्हा थापा कमी मारा, बोटं चालवा. वरचा ओठ लांब होऊन वेडावाकडा हलायला लागला, तर तो आनंदाचा कळस.

फ्रान्सच्याच रेन विद्यापीठात काही तरुण घोड्यांना खाऊ देऊन शिकवलं, काहींना खाऊशिवाय. मग कित्येक महिने ती माणसं भेटलीच नाहीत. पुन्हा भेट झाली तेव्हा खाऊवाले घोडे जवळ आले. इतकंच नाही, अनोळखी माणसाकडेही ते जास्त भरवशाने गेले. म्हणजे एका माणसाचा चांगुलपणा घोडा सगळ्या माणसांच्या खात्यावर जमा करतो!

आता जरा इतिहासात भरधाव!

मातीच्या पाट्यांवर कोरलेलं, घोडे तयार करण्याचं सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचं ‘मॅन्युअल’ आजच्या तुर्कस्तानात सापडलं. लेखक मितानी देशाचा किक्कुली. त्यात फेऱ्यांसाठी शब्द काय आहेत, माहीत आहे का? ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. ओळखीचं वाटतंय? एक, तीन, पाच, सात… हे आपल्याच भाषाकुळातले आकडे! हजारो मैलांवरच्या तबेल्यात कुणीतरी जवळजवळ आपल्यासारखंच मोजत घोडे फिरवत होतं.

अलेक्झांडरचा घोडा ब्युसेफॅलस आधी कुणालाच आवरेना. प्लुटार्कने लिहून ठेवलंय की पोरसवदा अलेक्झांडरच्या एक गोष्ट ध्यानात आली: घोडा स्वतःच्या सावलीला बिचकतोय. त्याने त्याचं तोंड सूर्याकडे वळवलं. सावली मागे गेली, भीती गेली, घोडा त्याचा झाला. इ. स. पू. ३२६ मध्ये तो झेलमच्या काठी मेला आणि अलेक्झांडरने तिथे त्याच्या नावाचं शहर वसवलं, ब्युसेफाला. चाबूक न वापरता मिळवलेल्या दोस्तीचं स्मारक आपल्याच उपखंडात होतं!

आपल्याकडे या. मराठ्यांच्या फौजेत सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची रोजीरोटीच पडली. त्यामुळे शिलेदार घोड्याला पोटच्या पोरासारखा जपायचा. आज घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाला मी शिलेदारच म्हणेन.

पहिल्या बाजीरावांची आख्यायिका तर मला फार आवडते. निजामाने म्हणे चित्रकार पाठवला: बाजीराव जसे दिसतील तसे काढून आण. चित्र आलं ते असं: घोडा चालतोय, लगाम सैल सोडलेला, भाला खांद्यावर टेकलेला आणि पेशवे दोन्ही हातांनी ज्वारीचं कणीस चोळून दाणे खातायत. लोक या चित्रात पेशव्यांचा साधेपणा बघतात. तुम्ही जरा घोडा बघा! स्वाराचे दोन्ही हात कणसात आणि घोडा आपला रस्ता नीट चालतोय. यापेक्षा मोठं भरवशाचं सर्टिफिकेट कोणतं?

आणि राज्यगीतात ज्यांचा मान आहे ती भीमथडीची तट्टं? ती संपलेली नाहीत! भीमेच्या खोऱ्यातली ही काटक जात आता देशी घोड्यांच्या अधिकृत यादीत नोंदली गेली आहे. ती टिकवली कुणी? मेंढरांमागे गावोगाव फिरणाऱ्या धनगरांनी. बिऱ्हाड, भांडी, कोंबड्या, कोकरं, कधी कधी लहानगं पोरसुद्धा या तट्टांच्या पाठीवर असतं. पाठीवर पोर बसवतात, म्हणजे विश्वास किती!

रिंगण! रिंगण!

आता ही गोष्ट जरा दमाने वाचा.

आषाढी वारी. माउलींच्या पालखीपुढे दोन अश्व चालतात. एकावर स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी. त्या रिकाम्या पाठीवर साक्षात माउली आहेत, ही वारकऱ्यांची श्रद्धा. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. आळंदीपर्यंतही चालतच!

मग रिंगण लागतं. हजारो माणसं, शेकडो पताका, टाळ, मृदंग, विठ्ठलनामाचा गजर. घोडा हा निसर्गाने पळण्यासाठी घडवलेला प्राणी. फडफडणारी पिशवी दिसली तरी उधळणारा. आणि इथे चहूबाजूंनी फडफडणाऱ्या पताका! तरी माउलींचा अश्व स्वाराशिवाय, माणसांच्या दोन भिंतींमधून वाऱ्यासारखा दौडत जातो. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण एकदा तरी डोळ्यांनी बघा. घोडा घाबरत नाही म्हणजे काय, हे तिथे कळतं.

झोप बाबा, मी जागा आहे

घोडा उभ्या उभ्या झोपतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पायांच्या सांध्यांना कुलूप लागतं आणि तो पडत नाही. पण ही अर्धीच गोष्ट! गाढ, स्वप्नांची झोप घ्यायला घोड्याला आडवं व्हावंच लागतं. आणि आडवं पडलेला घोडा पटकन पळू शकत नाही, म्हणून सुरक्षित वाटल्याशिवाय तो पडतच नाही. कळपात बहुतेकदा एकजण उभा राहून पहारा देतो. तुमच्यासमोर तुमचा घोडा निवांत आडवा पसरला, तर त्याने तुम्हाला पहारेकरी नेमलंय. अभिनंदन!

एकटेपणा घोड्याला सोसत नाही. १९३०च्या दशकातला अमेरिकेचा लाडका रेसचा घोडा सीबिस्किट आधी सारखा येरझाऱ्या घालायचा, वजन उतरायचं. ट्रेनरने सोबतीला बकरी दिली. सीबिस्किटने तिला उचलून बाहेर टाकलं! मग पंपकिन नावाचा शांत, वयस्कर घोडा आणला आणि जोडी जमली. पुढे एक भटका कुत्रा आला, एक माकडही आलं. हे सगळं बिऱ्हाड एकत्र झोपायचं. १९३८ साली याच सीबिस्किटने वॉर ॲडमिरल या नावाजलेल्या घोड्याला हरवून देश डोक्यावर घेतला.

आणि रेकलेस? कोरियन युद्धातली छोटीशी घोडी, अमेरिकी सैनिकांनी २५० डॉलरला विकत घेतलेली. माणसाबरोबर वाट एक-दोनदा दाखवली की पुढे एकटी जायची. मार्च १९५३ च्या एका लढाईत तिने एका दिवसात ५१ खेपा केल्या. वर जाताना दारूगोळा, खाली येताना जखमी जवान. बहुतेक खेपा एकटीने, वर तोफांचा मारा! सैनिक तिला स्वतःच्या ताटातली अंडी भरवायचे, थंडीत तंबूत घ्यायचे. तिला सार्जंटचा हुद्दा मिळाला.

भाकरी, पान आणि घोडा

आजीचं कोडं आठवतंय? भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून! आधुनिक अश्वतज्ज्ञ याहून वेगळं सांगत नाहीत. तबेल्यात दिवसभर बांधलेला घोडा लाकूड चावतो, डुलत राहतो, चिडतो. त्याला रोज मोकळं फिरू द्या. नुसतं हातात दोर धरून, खोगीर न घालता, शेजारी शेजारी चाला. घोड्याला रोज कामासाठीच भेटलात, तर तुम्ही बॉस. कधी काहीच काम नसताना भेटलात, तर दोस्त.

आणि ही दोस्ती लांब पल्ल्याची असते बरं! घोडा सहज २५-३० वर्षं जगतो. इंग्लंडचा ओल्ड बिली कालव्यातल्या बोटी ओढायचा. तो १७६० साली जन्मला आणि १८२२ साली गेला. वय ६२! सर्वांत दीर्घायुषी घोड्याचा विक्रम आजही त्याच्याच नावावर.

दरवर्षी दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे लोक भोवरे बघतात, पंचकल्याणी आहे का बघतात, दात बघून वय काढतात. बघा, जरूर बघा. पण व्यवहाराआधी दहा मिनिटं नुसते शेजारी उभे राहा आणि त्याला तुमच्याकडे बघू द्या.

घोडा घ्यायचा नाहीये? हरकत नाही. पुढच्या वेळी माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरलात की अश्वपालाला भाड्याआधी घोड्याचं नाव विचारा. खांद्याच्या बाजूने, त्या नावाने हाक मारत जवळ जा. आयाळीच्या टोकाशी, त्या उंचवट्यावर दोन मिनिटं खाजवा. मोठा श्वास सोडा. मग रिकिबीत पाय.

आणि पावसाळा असला, तर रेनकोट घाला. छत्री घरीच राहू द्या!